बुरशी आणि कातडीचा दाह



पावसाळा सुरू झाला कीं घराघरांत एक बिनबोलावलेला पाहुणा येतो. लोणच्याच्या बरणींत पांढरा पापुद्रा धरतो, कपाटांतल्या चामडी जोड्यांवर हिरवट लव चढते, झांकून राहिलेल्या पावाच्या तुकड्यावर काळी पूड बसते. गृहिणी नाक मुरडते आणि ती वस्तु केराच्या टोपलींत जाते. हा पाहुणा म्हणजे बुरशी. तिचींच भावंडें माणसाच्या कमरेवर आणि जांघेंत गजकर्ण उठवितात, हेंहि कोणाला सांगावयास नको. अशा कुळांतून कातडीचा दाह शमविणारीं औषधें निघालीं आहेत असें म्हटलें, तर ऐकणाराला क्षणभर ती थट्टाच वाटेल. परंतु गोष्ट अक्षरशः खरी आहे. तीं औषधें कशीं सांपडलीं, शरीरांत जाऊन काय करतात, आणि आपल्या घरांतील मलमाच्या नळीशीं त्यांचा काय संबंध पोंचतो, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम दाह म्हणजे काय तें पाहूं. सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत त्याचीं चार लक्षणें सांगितलीं: लाली, सूज, ऊष्मा आणि ठणका. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला आजहि हींच चार प्रथम शिकवितात. बोटांत कांटा मोडला कीं तीं चारीहि आपण अनुभवतों. कांट्याबरोबर जंतु आंत शिरतात. रक्तांतील पांढऱ्या पेशी तिकडे धांवतात, एकमेकींना रासायनिक निरोप धाडून कुमक बोलावितात. रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांतून पाणी झिरपतें. त्या लढाईची उडालेली धूळ म्हणजेच ती लाली आणि ती सूज. हा दाह उपकारक आहे. तो नसता तर साध्या ओरखड्यानेंहि माणूस दगावला असता. परंतु कित्येकदां शत्रु नसतांनाच फौज बाहेर पडते, किंवा शत्रु गेल्यावरहि माघारीं फिरत नाहीं, आणि मग स्वतःच्याच गांवांत जाळपोळ सुरू होते. इसब, सोरायसिस आणि अंगावर फोड आणणारे कांहीं दुर्धर रोग ह्या जातीचे आहेत. निरोगी माणसाच्या कातडीचा वरचा थर सुमारें महिन्याभरांत झडून नवा येतो. सोरायसिसमध्यें हाच फेरा थोड्या दिवसांत उरकतो; म्हणून जाड लाल चट्टे उठतात आणि त्यांवरून चांदीसारखा कोंडा गळतो.

एक गोष्ट येथेंच बजावून ठेवतों. सोरायसिस किंवा इसब स्पर्शानें लागत नाहीं. मीं शाळेंत असे विद्यार्थी पाहिले आहेत, कीं ज्यांच्या कोंपरावरचे चट्टे दिसतांच शेजारचा मुलगा बांक सोडून उठे, आणि चैत्राच्या उन्हांतहि आई त्यांना लांब बाह्यांचा सदरा घालून पाठवी. त्या मुलांना कंडूपेक्षां बांकावरची ती रिकामी जागाच अधिक बोंचत असावी. गजकर्ण मात्र खरोखर एकापासून दुसऱ्याला लागतो. आणि दिसण्यांत हे रोग पुष्कळदां इतके सारखे असतात, कीं केवळ डोळ्यांवर विसंबून घरच्या घरीं निवाडा करतां येत नाहीं. ह्या मुद्द्याकडे पुढें पुन्हां यावें लागणार आहे.

आतां बुरशीची पहिली कथा ऐका. ती इटलींतील आहे. एकोणिसाव्या शतकांत उत्तर इटलींतील गरीब शेतकरी बहुतेक मक्याच्या पिठाच्या घट्ट कांजीवरच दिवस काढीत. त्यांच्यांत एक भयंकर रोग होता. हात, मान, चेहरा असे उन्हांत उघडे राहणारे भाग प्रथम भाजल्यासारखे लाल होत, पुढें काळे व खरखरीत पडत. मग जुलाब लागत, बुद्धीला भ्रम होई, आणि कित्येकांचा अंत वेड्यांच्या इस्पितळांत होई. रोगाचें नांव पेलाग्रा. इटालियन भाषेंत त्याचा अर्थच ‘खरखरीत कातडी’ असा होतो. दमट कोठारांत सांठविलेल्या मक्याला बुरशी येते आणि त्या बुरशीच्या विषानें हा रोग होतो, असें त्या काळच्या पुष्कळ विद्वानांचें मत होतें. बार्तोलोमेओ गोझिओ नांवाच्या डॉक्टरनें हा प्रश्न हातीं घेतला. मक्यावरची बुरशी त्यानें वेगळी वाढविली आणि १८९३ सालीं तिच्या रसांतून एक स्फटिकरूप पदार्थ काढला. त्यानें आणखी एक गोष्ट पाहिली. ह्या पदार्थानें काळपुळीच्या जंतूंची वाढ खुंटते! फ्लेमिंगला पेनिसिलिनची चाहूल लागली ती १९२८ मध्यें. म्हणजे एका बुरशीच्या रसानें रोगजंतु हटतात हें गोझिओनें त्याच्या पस्तीस वर्षें आधीं स्फटिक हातीं धरून दाखविलें होतें. गोझिओची बुरशीहि पेनिसिलियम ह्याच घराण्यांतली. इतिहासाची पुस्तकें त्याला एखादी ओळहि देत नाहींत, हें मला नेहमींच अन्यायाचें वाटत आलें आहे.

पेलाग्राचें कारण मात्र बुरशी नव्हतें. अमेरिकेंत जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ पासून केलेल्या कामानें तो निकृष्ट आहाराचा रोग ठरला, आणि १९३७ सालीं एल्वेयेम यांनीं अन्नांतला तो उणा पडणारा घटक, म्हणजे निकोटिनिक आम्ल, ओळखून काढला. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच पोट भरणाऱ्या गरिबांतहि हा रोग आढळे. हैदराबादच्या प्रयोगशाळेंतून गोपालन आणि श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं त्याची मीमांसा केली. पण तो विषय वेगळा. आपण गोझिओच्या स्फटिकांकडे वळूं.

१९१३ मध्यें अमेरिकेंतील दोघा रसायनशास्त्रज्ञांनीं तोच पदार्थ पुन्हां काढला आणि त्याला मायकोफेनॉलिक आम्ल असें नांव दिलें. त्यानंतर तो बराच काळ अडगळींत पडून होता. १९७० च्या सुमारास त्याचा खरा गुण ध्यानांत आला: पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ तो थोपवितो. हें कसें घडतें तें समजण्यासारखें आहे. कोणतीहि पेशी दुभंगून दोन व्हावयाची तर तिला नवें बांधकाम करावें लागतें. शरीरांतल्या बऱ्याच पेशी त्यासाठीं जुन्या पाडकामांतल्या विटा वेंचून वापरूं शकतात. दाहाची आज्ञा देणाऱ्या ज्या विशिष्ट पांढऱ्या पेशी आहेत त्यांचें मात्र जुन्या विटांवर भागत नाहीं. त्यांना ताज्या विटा भाजूनच घ्याव्या लागतात. मायकोफेनॉलिक आम्ल ती वीटभट्टीच विझवितें. त्यामुळें इतर पेशींना फारसा धक्का न लागतां फौजेची भरती थांबते. सोरायसिसच्या रोग्यांना तें पोटांतून देऊन पाहिलें तेव्हां चट्टे ओसरले. पण पोटाच्या तक्रारी उद्भवूं लागल्या आणि डॉक्टरांनीं हात आंखडता घेतला. पुढें त्या रेणूला थोडा निराळा पेहराव चढवून तें पोटाला सोसेल असें केलें, आणि १९९५ सालीं अमेरिकेंत मूत्रपिंडाच्या आरोपणासाठीं तें संमत झालें. तेथून तें पुन्हां कातडीच्या डॉक्टरांकडे आलें. अंगभर फोड उठविणारा पेम्फिगस, ल्यूपस आणि कशालाहि न जुमानणारा इसब यांत आज तें दिलें जातें. गर्भवती स्त्रीला मात्र तें वर्ज्य आहे. पोटांतल्या मुलांत त्यानें व्यंगें निपजतात. गोझिओ कातडीच्या एका रोगाचें कारण शोधावयास निघाला होता. तें त्याला सांपडलें नाहीं. त्याच्या हातीं लागलें तें कातडीच्या दुसऱ्याच रोगांवरचें औषध, आणि तें औषध आहे हें कळावयास ऐंशी वर्षें जावीं लागलीं.

दुसरी कथा नॉर्वेंतील आहे. त्या देशाच्या दक्षिण भागांत हार्डांगरविड्डा नांवाचें एक विस्तीर्ण उजाड पठार आहे. १९६९ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल शहरच्या सँडोझ ह्या औषधांच्या कारखान्यांतील हान्स पीटर फ्राय नांवाचा एक नोकर सुटींत तेथें गेला. प्रवासाला गेलेल्या नोकरांनीं येतांना परमुलखांतली चिमूटभर माती पिशवींत भरून आणावी, अशी त्या कारखान्याची पद्धति होती. कारण मातींत हजारों तऱ्हेच्या बुरश्या नांदतात आणि त्यांतली एखादी नवें पेनिसिलिन देऊन जाईल अशी आशा असे. फ्रायनें आणलेल्या मातींतून टोलिपोक्लेडियम इन्फ्लेटम नांवाची बुरशी निघाली. तिच्या रसाची परीक्षा झाली. तो कांहीं मोजक्या बुरश्यांना मारी, पण औषध म्हणून विकावा इतका तो जोरकस नव्हता. दुसऱ्या एखाद्या कारखान्यांत ती बाटली तेथेंच मोरींत ओतली गेली असती. येथें मात्र प्रत्येक नव्या पदार्थाची अनेक तऱ्हांनीं चांचणी घेण्याची शिस्त होती. जानेवारी १९७२ मध्यें उंदरांवरील एका चांचणींत दिसून आलें, कीं ह्या रसानें प्रतिकारशक्ति दबते, आणि तरीहि इतर पेशी मरत नाहींत. तोंपर्यंत प्रतिकारशक्ति दाबणारीं जीं औषधें होतीं तीं वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर सरसकट घाव घालीत. हा पदार्थ नेमक्या ठिकाणीं हात ठेवीत होता. हार्टमान श्टेहेलिन आणि झां-फ्रांस्वा बोरेल हे त्या कामांतले प्रमुख. श्रेय कोणाचें किती, यावर पुढें वाद झाला. त्यांत आपण शिरावयास नको. तो पदार्थ पोटांतून रक्तांत उतरतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं बोरेलनें तो मद्यार्कांत विरघळवून स्वतःच प्राशन केला, त्याला बऱ्यापैकीं नशा चढली, आणि रक्तांत औषधहि सांपडलें, असें सांगतात.

ह्या पदार्थाचें नांव सायक्लोस्पोरिन. अकरा अमिनो आम्लांचें एक कडें, असा त्याचा रेणु आहे. १९७८ मध्यें केंब्रिज येथें रॉय काल्न यांनीं मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना तें दिलें आणि अवयवारोपणाचें सारें शास्त्रच पालटलें. ती हकीकत प्रसिद्ध आहे. कातडीची हकीकत त्या मानानें कोणी सांगत नाहीं. १९७९ सालीं सांध्यांच्या दाहाच्या रोग्यांना सायक्लोस्पोरिन देऊन पाहत असतांना डॉक्टरांच्या लक्षांत आलें, कीं ज्यांना सोरायसिसहि होता त्यांचे चट्टे झपाट्यानें नाहींसे होत आहेत. ही नुसती एका औषधाची भर नव्हती. तोंवर सोरायसिस हा कातडीच्याच पेशींचा दोष मानला जात होता: त्या पेशी वेड्यासारख्या वाढतात, म्हणून त्यांची वाढ खुंटवा, अशी उपचारांची दिशा होती. सायक्लोस्पोरिन तर पांढऱ्या पेशींपैकीं टी नांवाच्या पेशींवर काम करतें. धोक्याची सूचना मिळतांच टी-पेशी ‘कुमक पाठवा’ असा निरोप लिहावयास घेते. सायक्लोस्पोरिन तिच्या हातांतली लेखणीच अडकवून ठेवतें. त्यानें जर सोरायसिस बरा होतो, तर रोगाचें मूळ कातडींत नसून प्रतिकारशक्तीच्या गैरसमजांत असलें पाहिजे! रोग ओळखून औषध शोधावयाचें हा नेहमींचा क्रम. येथें औषधानें रोगाची ओळख पटविली. सोरायसिसवर आज जीं मोठमोठीं इंजेक्शनें निघालीं आहेत त्यांचा पाया ह्या अनुमानांत आहे.

ह्या औषधाच्या मर्यादाहि तितक्याच स्पष्टपणें सांगितल्या पाहिजेत. त्याचा रेणु मोठा आहे. कातडीच्या भिंतींतून साधारणतः पांचशेपर्यंत रेणुभार असलेले पदार्थ सुखानें आंत शिरतात. सायक्लोस्पोरिनचा भार बाराशेंच्या वर आहे. त्यामुळें त्याचें मलम करून चट्ट्यावर चोळण्याचे प्रयत्न फसले. तें पोटांतून घ्यावें लागतें, आणि पोटांतून घेतलें कीं तें सगळ्या शरीरभर जातें. मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तदाब वाढतो. म्हणून तें देतांना रक्ताची आणि रक्तदाबाची तपासणी वरचेवर करतात, आणि सोरायसिससाठीं तें सलग एक वर्षापेक्षां, कांहीं देशांत दोन वर्षांपेक्षां, अधिक काळ देत नाहींत. पपनसाच्या जातीचें ग्रेपफ्रूट नांवाचें जें फळ आहे त्याच्या रसाबरोबर तें घेतलें तर रक्तांतील प्रमाण भलतेंच चढतें. फळ नैसर्गिक, औषधहि बुरशींतलें म्हणजे नैसर्गिकच. पण दोन नैसर्गिक वस्तूंची गांठ पडल्यावर निष्पन्न होतें तें हें!

ह्या बुरशीचें आणखी एक रूप १९९६ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतून प्रसिद्ध झालें. मातींत निरुपद्रवीपणें नांदणारी म्हणून जी ओळखली जात होती, तीच आपल्या दुसऱ्या अवतारांत भुंग्याच्या अळीच्या शरीरांत वाढते आणि अळी मेल्यावर तिच्यांतून देंठासारखी बाहेर येते. उसाला लागणारी हुमणी ज्या भुंग्यांची अळी, त्याच गोत्रांतली ही अळी. आपल्याला जें औषध म्हणून लाभलें तें बुरशीनें मनुष्यजातीवर कृपा करण्यासाठीं तयार केलेलें नाहीं. तिच्या स्वतःच्या झगड्यांतलें तें सामान आहे.

सायक्लोस्पोरिनचें मलम होत नाहीं, मग इसबावर लावतात तें टॅक्रोलिमसचें मलम कसलें, असें कोणी विचारील. टॅक्रोलिमस हा त्याहून लहान रेणु आहे आणि दाहानें कमकुवत झालेल्या कातडींतून तो आंत शिरतो. १९८४ सालीं जपानमधील त्सुकुबा येथील मातींतून तो निघाला, आणि टी-पेशीची लेखणी तोहि सायक्लोस्पोरिनप्रमाणेंच अडकवितो. पण त्याला बुरशीचें औषध म्हणणें चूक आहे. स्ट्रेप्टोमायसिस नांवाचे तंतूंनीं वाढणारे जीवाणु तो तयार करतात. ते दिसावयास बुरशीसारखे. जात मात्र निराळी.

तिसरी कथा घरोघरच्या मलमाची. १९४९ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधून फिलिप हेंच व त्यांचे सहकारी यांनीं जाहीर केलें, कीं कॉर्टिझोन नांवाच्या पदार्थानें संधिवातानें खिळलेले रोगी उठून चालूं लागले. मूत्रपिंडाच्या माथ्यावरील ग्रंथींत हा पदार्थ तयार होतो. पुढच्याच वर्षीं हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु औषध मिळावें कोठून? बैलाच्या पित्तापासून तें बनवावयास तिसांहून अधिक पायऱ्या लागत. त्यांतली अवघड पायरी एकच: रेणूच्या सांगाड्यांतील अकराव्या कार्बनवर प्राणवायूचा एक अणु बसविणें. भल्याभल्या रसायनशास्त्रज्ञांना तो नेमका तेथें बसवितां येईना. १९५२ सालीं मिशिगन प्रांतांतील अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनीं दाखविलें, कीं ऱ्हायझोपस नांवाची बुरशी हें काम एका दमांत करते. ऱ्हायझोपस म्हणजे कोण? पावाच्या तुकड्यावर काळी पूड धरणारी, जिला आपण केराची टोपली दाखवितों, तीच! मेक्सिकोंतल्या एका रानकंदापासून मिळणारा स्वस्त पदार्थ तिच्यापुढें ठेवावा आणि तिनें तो अणु बरोबर जागीं बसवून द्यावा. कॉर्टिझोन आणि त्याच्या भावंडांच्या किंमती कोसळल्या. त्याच १९५२ सालीं सुल्झबर्गर आणि विटन यांनीं हायड्रोकॉर्टिझोनचें मलम इसबावर गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. ह्या तिसऱ्या कथेंत औषध बुरशीच्या अंगचें नाहीं. बुरशी येथें कारागीर आहे. परंतु तिच्या कारागिरीवांचून तें मलम सामान्य माणसाच्या हातीं पडलें नसतें.

त्याच सांगाड्यांत फेरफार करून शास्त्रज्ञांनीं पुढें कित्येक पट जहाल मलमें बनविलीं. त्यांना आपण सर्रास स्टेरॉइड म्हणतों. येथून हा विषय आपल्या घरांत शिरतो.

माझ्या माहितीच्या एका घरांत मलमाची एक नळी देवघराशेजारच्या फळीवर असे. ती कोणी, कोणासाठीं आणली हें घरांत कोणालाच आठवत नव्हतें. धाकट्याच्या मांडीला खाज सुटली, लावा ती नळी. सुनेच्या गालावर पुटकुळी आली, लावा ती नळी. आजोबांच्या पाठीला कांहीं झालें, तेंच. आणि खरोखरच दोन दिवसांत खाज थांबे. अशा नळ्यांत पुष्कळदां तीन वस्तु एकत्र असतात: एक जंतूंवरचें औषध, एक बुरशीवरचें, आणि तिसरें जहाल स्टेरॉइड. खाज थांबते ती तिसऱ्यामुळें. आतां असें समजा, कीं मांडीवरचा चट्टा हा गजकर्ण आहे. तेथें खरा शत्रु आलेला आहे. लाली आणि कंडू म्हणजे फौज लढत असल्याची खूण आहे. स्टेरॉइडनें फौज झोंपविली. लाली गेली, कंडू गेला, घरच्यांना वाटलें रोग गेला. आणि बुरशी निर्वेधपणें पसरूं लागली. औषध थांबवितांच चट्टा दुप्पट होऊन वर येतो. पुन्हां नळी, पुन्हां आराम. कांहीं महिन्यांनीं चट्ट्याची नेहमींची कंकणाकृति इतकी पुसून जाते, कीं डॉक्टरलाहि तो ओळखतां येणें कठीण पडतें. बुरशीनेंच स्वस्त करून दिलेल्या औषधावर अशा रीतीनें दुसरी बुरशी पोसली जाते. कातडी पातळ होते, मांडीवर कायमचे पांढरे ओरखडे पडतात, चेहऱ्यावर वारंवार लावलें असेल तर सोडतांच आग आग होते. गोरें दिसावें म्हणून हेंच मलम तोंडाला चोळणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या आयांनीं हें वाक्य पुन्हां एकदां ऐकावें.

ह्याचा परिणाम एका घरापुरता राहिलेला नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत भारतांत गजकर्णाची अशी सांथ पसरली आहे, कीं पूर्वीं दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा हा रोग आतां महिनेच्या महिने हटत नाहीं, आणि घरांतल्या सर्वांना फिरून फिरून होतो. ह्या सांथीला कारण होणारी बुरशी स्वतंत्र जातीची आहे असें २०२० सालीं जपानमधील शास्त्रज्ञांनीं दाखवून तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असें नांव दिलें. नांवांत ‘इंडो’ आहे, हें कांहीं भूषण नव्हे. टर्बिनाफिन ह्या औषधाचा घाव बुरशीच्या ज्या प्रथिनावर बसतो त्या प्रथिनाच्या घडणींतच हिच्या पुष्कळ वाणांनीं बदल करून घेतला आहे, त्यामुळें तें औषध बोथट ठरतें. २०२३ सालीं न्यूयॉर्कमध्येंहि हिचे रोगी सांपडल्याचें जाहीर झालें. स्टेरॉइड-मिश्रित मलमांचा बेछूट वापर हें ह्या सांथीचें एक प्रमुख कारण असल्याचें कातडीचे तज्ज्ञ मानतात. मार्च २०१८ मध्यें सरकारनें अशा चौदा स्टेरॉइड मलमांना अनुसूची एचमध्यें घातलें; म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तीं विकूं नयेत. कायदा झाला, पण कोपऱ्यावरच्या दुकानांत ‘खाजेवर कांहींतरी द्या’ म्हटलें कीं काय हातांत पडतें, हें आपण सर्व जाणतां.

मग स्टेरॉइड मलम वाईट कीं काय? मुळींच नाहीं. इसबानें रात्र रात्र जागणाऱ्या, अंग खाजवून रक्तबंबाळ करणाऱ्या लहान मुलाला डॉक्टरनें सांगितलेल्या जोराचें, सांगितलेल्या जागीं, सांगितलेले दिवस तें लावणें हा त्या मुलावर उपकार आहे. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकूनच नळी फेंकून देणारे आईबापहि मुलाचें नुकसानच करतात. प्रश्न एवढाच, कीं फौज झोंपविण्यापूर्वीं ती कोणाशीं लढते आहे हें कोणीतरी जाणत्यानें पाहिलें पाहिजे. गजकर्णाचा संशय असेल तर कातडीवरचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां येतो. परीक्षा साधी आहे आणि वेळहि थोडा लागतो. घरांत एकाला गजकर्ण असेल तर त्याचा पंचा आणि अंतर्वस्त्रें वेगळीं धुवावीं, कडक उन्हांत वाळवावीं, आणि बाकीच्यांनींहि आपलें अंग तपासून घ्यावें. बरें वाटूं लागलें तरी डॉक्टरनें सांगितलेले दिवस औषध पुरें करावें. आणि चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलेलें जहाल मलम एकाएकीं सोडूं नये. तें कसें उतरवावयाचें हें डॉक्टरलाच विचारावें.

अळंब्यांच्या नांवावर विकल्या जाणाऱ्या क्रीमविषयीं आणि भुकटीविषयींहि अलीकडे बरेंच ऐकूं येतें. हिमालयांतल्या सुरवंटावर उगवणारी कीडाजडी, चीन-जपानांत पुजली जाणारी गॅनोडर्मा नांवाची कठीण अळंबी, ह्यांच्या अर्कांत दाह दाबणारे पदार्थ आहेत हें खोटें नाहीं. कीडाजडीच्याच एका भाऊबंदांतून १९५० सालीं कॉर्डिसेपिन नांवाचा पदार्थ वेगळा काढला गेला, आणि प्रयोगशाळेंतल्या पेशींत व उंदरांत तो दाहाचे निरोप मंदावतो. परंतु कांचपात्रांतल्या पेशी आणि माणसाची कातडी यांच्यामध्यें लांबचा रस्ता आहे. सायक्लोस्पोरिनला उंदरापासून सोरायसिसच्या अमेरिकेंतील अधिकृत संमतीपर्यंत पोंचावयास १९७२ ते १९९७ अशीं पंचवीस वर्षें लागलीं. त्या अर्कांनीं तो रस्ता अजून कापलेला नाहीं. वेष्टनावर ‘नैसर्गिक’ हा शब्द ठळक छापलेला असतो. बचनागहि नैसर्गिकच आहे. कोणाला हौसेनें वापरावयाचें असेल तर त्यानें वापरावें, पण चालू असलेलें औषध त्यासाठीं बंद करूं नये.

सोरायसिसवर आतां अधिक नेमकीं इंजेक्शनें निघालीं आहेत आणि ज्यांना परवडतें त्यांना त्यांचा उत्तम गुण येतो. तरीहि एखाद्याचें सर्वांग एकाएकीं लाल होऊन सोलूं लागतें, थंडी वाजते, रोगी अंथरुणाला खिळतो, अशा वेळीं कित्येक डॉक्टर आजहि सायक्लोस्पोरिनकडे वळतात. कारण तें थोड्याच आठवड्यांत गुण देतें आणि त्या मानानें स्वस्त पडतें. तें अजूनहि मोठमोठ्या पोलादी पिंपांत बुरशी वाढवूनच तयार करतात, भारतांतल्या कारखान्यांतहि. पिंपांत साखरेचें पाणी घालतात, स्वच्छ हवा खेळती ठेवतात, कांहीं दिवस तें आंबूं देतात, आणि मग त्या गढूळ लगद्यांतून अकरा दुव्यांचें तें कडें गाळून घेतात.